फुल्कच्या आसनाखाली

माझी बहीण एर्सांद बाळंतपणात अडली, तेव्हा पाद्री फुल्कला निरोपावर निरोप गेले. तो बाम माशांवर ताव मारत बसला होता. ताट चाटूनपुसून आला, तोवर तिचे ओठ निळे पडले होते. वर म्हणतो कसा, "माझ्यापुढे पापं न सांगता मेली. आवारात जागा मिळायची नाही." तिला आणि तिच्या लेकराला आम्ही चर्चच्या भिंतीबाहेर पुरलं, जिथे कुत्री उकरतात त्या चराजवळ. फुल्कचं तळपट होवो, असं मी तिथेच मोठ्यानं म्हटलं. तिचा नवरा गिबेर खड्ड्यात माती लोटत राहिला.

गिबेर लाकडावर कोरायचा. त्या वर्षी चर्चमधली पाद्र्यांची आसनं त्याच्याकडे होती. आमच्याकडे प्रार्थना उभ्यानं चालते, आणि ती संपता संपत नाही. म्हणून बसायची फळी वर उचलली की तिच्या खालच्या अंगाला एक पुढे आलेली पट्टी असते. तिच्यावर बूड टेकवायचं. लांबून माणूस उभाच दिसतो. या पट्टीला आम्ही 'दया' म्हणतो. तिच्याखाली कोरणाऱ्यानं मनाला येईल ते कोरावं, माकडं, जलपऱ्या, भांडणाऱ्या बायका. तिथे कोण बघतंय?

एक दिवस मी त्याला भाकरी द्यायला गेले, तर ओकच्या फळीवर ओळखीचं तोंड. लोंबती हनुवटी, मिटत आलेले डोळे, ओठांतून लोंबणारी बामची शेपटी, आणि दोन्ही बाजूंना हंड्याच्या कड्यांसारखे कान.

"दाजी, हा तर फुल्क!"

"मग ओरडतेस कशाला?"

"कोणाच्या आसनाखाली लावणार?"

"त्याच्याच. त्याला दयेची फार गरज आहे."

पोटात साठलेलं विष उतरल्यासारखी मी हसले. फुल्क बसला की तोंड फळीखाली झाकलं जायचं, उभा राहिला की पाठीमागे. त्याला सोडून सगळ्यांनी ते पाहिलं. तो येण्याआधी तरुण पाद्री ती फळी मुद्दाम उचलून बघत आणि पुन्हा खाली टाकत. वर्षानुवर्षं फुल्क स्वतःच्याच थोबाडावर बूड टेकवून देवाचं नाव घेत राहिला, आणि लोक का हसतात म्हणून चिडत राहिला.

मग नवे बिशप आले. आसनांच्या फळ्या उचलून बघता बघता थांबले. "फुल्क, हे तुमचे बंधू का?"

फुल्क वळला. त्याचे कान आधी लाल झाले, मग पांढरे. दुसऱ्या दिवशी तो गिबेरच्या दारात उभा. एकाच्या कामाला दुसऱ्यानं पटाशी लावायची नाही, हा आमच्या कारागिरांचा कायदा. त्यामुळे गिबेरवाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

"ते तोंड तासून टाक."

"टाकतो, पाद्रीबाबा. आधी एर्सांदला आत आणा."

"ती पापं न सांगता..."

"मग राहू द्या. लाकूड चांगलं आहे. तुम्ही गेल्यावरही टिकेल."

फुल्कनं दात-ओठ खाल्ले, पण ऐकलं. एर्सांद आणि तिचं लेकरू भिंतीच्या आत, सफरचंदाच्या झाडाखाली निजली. फुल्कला स्वतः प्रार्थना म्हणावी लागली. गिबेर तेव्हा कुठे ढसाढसा रडला.

मग त्यानं पटाशी घेतली. डोळे, नाक, हनुवटी, बाम, सगळं तासून आरशासारखं गुळगुळीत केलं. फुल्क बघायला आला आणि किंचाळला, "कान! कान राहिले!"

"तोंड काढायचं ठरलं होतं, बाबा. ते काढलं. कानांचं बोलणं झालं नव्हतं."

आता एर्सांदला पुन्हा बाहेर काढायचं, तर बिशपना कारण सांगावं लागलं असतं. फुल्क पाय आपटत निघून गेला.

आज फुल्क नाही, गिबेरही नाही. आसनांना मेण चोळायचं काम माझ्याकडे आहे. बाहेरगावचा कोणी आला की मी ती फळी उचलते. नुसते दोन कान बघून माणूस विचारतोच, "हे कोणाचे?"

मी फडकं खाली ठेवते आणि बाम माशांपासून सुरुवात करते.