कॉलरवरचं काजळ

पांढुर्ण्यात रागवायला कारणं पुष्कळ आहेत. पण पायजम्यातल्या इलास्टिकवर जन्मभर राग धरून बसलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शाळेसमोरचे टेलरचाचा. नाड्याची जागा इलास्टिकने घेतली तेव्हापासून जग उताराला लागलं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. "ज्या दर्जीले आपल्या हाताचा भरोसा नाही, तो इलास्टिक घालते," हे ते दुकानात येईल त्याला ऐकवतात, आणि येणाऱ्याने इलास्टिकचाच पायजमा घातलेला असला तर दोनदा ऐकवतात. मी त्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्यांचा आवाज रस्ता ओलांडून सरळ माझ्या वर्गात यायचा आणि सतराचा पाढा म्हणणारी मुलं सतरा पंचेवर येऊन खिडकीकडे बघत बसायची. मी खिडकी लावून घ्यायचे, तर ते आणखी वरच्या पट्टीत सुरू व्हायचे.

गंमत म्हणजे अचकन, शेरवानी, कळ्यांचा कुर्ता, घरारा यांच्यासाठी जीव टाकणारा हा माणूस स्वतः मात्र उडालेल्या रंगाची पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून बसायचा. पांढरा कुर्ता-पायजमा अंगावर चढायचा तो जुम्म्याला, आणि त्या दिवशी ते मशिदीपर्यंत कडेकडेने चालत जायचे, कोणाच्या सायकलचं चाक लागू नये म्हणून. बायकांच्या अंगाला ते टेप लावत नसत. जुना कपडा आणा, त्यावरून माप घेतो, हा नियम. मग जुना कपडा आला की तो शिवणाऱ्या अनोळखी दर्जीचा सात पिढ्यांसकट उद्धार व्हायचा. एकदा शेजारची नवी सून नागपूरहून आणलेला तयार बुरखा घेऊन आली. खालून दोन बोटं आखूड करून हवा होता, एवढंच. चाचांनी तिला तो चढवून हात वर करायला सांगितलं. हात खांद्याच्या वर जाईना. "मंग सौसरच्या बसमंदी वरचा दांडा कसा पकडशीन बेटा?" म्हणाले, "हे शिवणाऱ्यानं जिंदगीत बस पाह्यली नाही." त्यांनी दोन्ही बगलांत चौकोनी तुकडे घालून बाह्या अशा मोकळ्या करून दिल्या की ती पोरगी बसच्या टपावर चढली असती. आखूड करायचं तेवढं राहून गेलं.

मोहगावच्या एका निकाहात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाची शेरवानी भाड्याची होती आणि मागून शिवण उसवलेली होती. पाहुणे बिर्याणीच्या वासावर, चाचांची नजर शिवणीवर. शेवटी राहवेना तेव्हा शर्टाच्या कॉलरमागे खोचलेली सुई काढून ते नवरदेवाच्या पाठीशी जाऊन बसले आणि तिथल्या तिथे शिवायला लागले. सुई जरा आत गेली. काझीसाहेबांनी अजून प्रश्न पुरा केला नव्हता, त्याआधीच नवरदेव "कबूल है" म्हणून ओरडला. सगळ्यांना वाटलं, मुलगा फारच उतावीळ आहे.

आता माझ्या रागाकडे येते. सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत विविधतेतली एकता दाखवतात, आणि तो कार्यक्रम माझ्या गळ्यात होता. कपाटाखाली पत्र्याची एक पेटी होती. तिच्यातून दरवर्षी तोच मुसलमान निघायचा: जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी, खांद्यावर हिरवा रुमाल, हनुवटीला काजळाची दाढी. शेजारी त्याची बेगम, तिला कोणा वकिलाने दिलेला जुना काळा गाऊन. आणि दरवर्षी सत्तावीस तारखेला, प्रार्थना संपायच्या आत, चाचा फाटकात हजर. अख्ख्या पांढुर्ण्यात असा एक माणूस दाखवा, म्हणायचे. लोधीखेड्यात दाखवा, सौसरात दाखवा. मी म्हणायचे, चाचा, लेकरांचा कार्यक्रम आहे, बघणाऱ्याला कळायला पाहिजे ना. मग ते आणखी भडकायचे. एका वर्षी त्यांनी बोट माझ्यावरच वळवलं. "तुमच्या लोकायचं पोट्टं भगव्या चादरीत उभं केलं तुमी. तुमच्या घरी कोन घालते मॅडम चीवर?"

आम्ही बौद्ध, पण भिक्खूंचं चीवर घरात कोणी घालत नाही. माझे वडील नगरपालिकेत बाबू होते, पँट-शर्टात जगले आणि पँट-शर्टातच रिटायर झाले. ती भगवी चादर मलाही दरवर्षी खुपायची. पण एकतीस वर्षांत मी त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, आणि हा माणूस दरवर्षी न चुकता भांडायला यायचा. त्यांचा एवढा संताप मला यायचा तो बहुधा यामुळेच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी चिडून म्हणाले, मग तुम्हीच शिवा. त्यांनी शिवलं. महिनाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. पाचवीतल्या मुलाचं माप तीनदा घेतलं, "पोट्टं वाढून राह्यलं" म्हणून. त्याच्यासाठी मोतिया रंगाची अचकन आणि तिरक्या कापडातून बेतलेला चुडीदार. मुलीसाठी गुडघ्यापासून घेर सुटणारा घरारा, जोडावर गोट्याची, म्हणजे जरीच्या फितीची पट्टी. त्यांच्या आईच्या निकाहाचा घरारा त्यांनी लहानपणी पेटीत पाहिला होता, त्याच्या आठवणीवर तो बेतला होता. आणून दिला तेव्हा म्हणाले, एकदा या गावाने नीट पाहावं, मग माझं भांडण संपलं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आम्हाला पाहुणेही मोठे मिळायला लागले होते. त्या वर्षीचे प्रमुख पाहुणे कार्यक्रमाआधी रंगमंचामागे आले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हे राजा-राणी कुठल्या राज्याचे म्हणून विचारलं. मी सांगितलं, मुसलमान आहेत. ते हसले. माणूस अगदी सज्जन. "मॅडम, पहचान में आना चाहिए ना," एवढंच म्हणाले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. पडदा उघडायला दोन मिनिटं होती.

चाचांची सगळी वाक्यं मला तोंडपाठ होती. त्यातलं एक जरी मी बोलले असते! मी खाली वाकले आणि पेटी उघडली. मुलाच्या डोक्यावर जाळीची टोपी, खांद्यावर हिरवा रुमाल. घराऱ्यावरून काळा गाऊन. काजळाची डबीही मीच उघडली, दाढी माझ्याच बोटाने काढली. मुलाला गुदगुल्या झाल्या, त्याने मान वळवली, आणि अचकनीच्या कॉलरला काजळ लागलं. पडदा उघडला. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. मला अजून त्या टाळ्यांचा राग येतो, पाहुण्यांचा येतो, मुख्याध्यापकांचा येतो; पण बोट माझं होतं.

चाचा तिसऱ्या रांगेत होते. जुम्मा नसताना पांढरा कुर्ता-पायजमा घालून आले होते. राष्ट्रगीताला ताठ उभे राहिले आणि मग निघून गेले. सत्तावीस तारखेला मी प्रार्थनेपासून फाटकाकडे डोळे लावून होते. ते आले नाहीत.

आठवड्याने कपडे परत द्यायला मीच गेले. काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, ते काही आठवेना. कॉलर धुऊन देते म्हणाले, काजळ लिंबूसाबणाने निघेल. त्यांनी अचकन हातात घेतली, डाग अंगठ्याने चाचपला. "राहू द्या मॅडम," म्हणाले, "मले वाटे, कपडा बराबर शिवला का मानूस बराबर दिसते. शिवन्यात तं काही गलती नोहती." आवाज रस्त्यापलीकडे गेला नसता इतका हळू होता. अचकन त्यांनी दुकानात खुंटीला लावली. अजून तिथेच आहे, डागासकट. घरारा कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

मला रिटायर होऊन आता दोन वर्षं झाली. काम नसलं तरी मी त्या रस्त्याने जाते. गेल्या महिन्यात मुद्दाम माझ्या नवऱ्याचा इलास्टिकचा पायजमा पिशवीत घालून नेला आणि सैल झालं आहे, नवं इलास्टिक घालून द्या, असं चांगलं मोठ्याने सांगितलं. मनाशी म्हटलं, आता ऐक बाई. चाचांनी पायजमा उलटा केला, चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं. मग समोरचं स्टूल पुसलं आणि विचारलं, "बसा मॅडम. चाय सांगू काय तुमच्यासाठी?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला चहा कधी विचारला नव्हता. भांडणात कोण कोणाला चहा विचारतं? ते इलास्टिक घालत होते, मी चहा पीत होते, आणि समोर शाळेत मुलं सतराचा पाढा न थांबता म्हणत होती.