मोटार जळालेल्यांची निवड समिती

ऑस्ट्रेलियातली कसोटी आमच्या निमगाव केतकीला फार सोयीची पडते. तिकडे पहिला बॉल पडतो तेव्हा इकडे झुंजूमुंजू झालेलं असतं, आणि पहाटेची नमाज आटोपून मिस्त्री दुकानाचं शटर वर करतात. मिस्त्रींचं दुकान म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरून द्यायचं, म्हणजे रिवायंडिंगचं. भिंतीला एक टीव्ही, खाली लांब बाकडं, आणि सगळीकडे व्हार्निशचा वास. त्याला लागूनच माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. ती चहा इकडून तिकडे द्यायला ठेवली होती, पण माझा निम्मा क्रिकेटचा अभ्यास त्या खिडकीतून झाला.

या बाकड्यावर भारताचा कसोटी संघ निवडला जातो. दिल्लीत, मुंबईत निवडतात तो वेगळा. तो बऱ्याचदा चुकतो.

आमच्या निवड समितीचे अध्यक्ष तात्या, म्हणजे माझे सासरे. उसाचे शेतकरी, वय सत्तरीकडे झुकलेलं, आवाज मात्र पाटाच्या पलीकडून ऐकू येईल असा. मिस्त्री हे कायमचे सभासद, कारण टीव्ही त्यांचा. बाकीचे सभासद बदलते. आमचा नियम असा, की ज्याची मोटार दुरुस्तीला आली आहे त्याला मोटार तयार होईपर्यंत मत. व्होल्टेज कमी आलं, मोटार जळाली, की तो माणूस रडवेल्या तोंडाने येतो आणि बाकड्यावर बसला की तासाभरात स्लिपला कोण उभा करायचा यावर भांडायला लागतो. आपलं पाणी बंद पडलंय हे तो पार विसरतो. काही जण मोटार तयार झाली तरी न्यायला येत नाहीत, टी ब्रेकपर्यंत.

मला मत नव्हतं. "तुझी मोटार कुठं हाय?" असं तात्या विचारायचे. माझं माहेर बारामती, त्यामुळे मला सगळे बारामती म्हणूनच हाक मारतात, तात्यासुद्धा, चिडवायचं असलं की जास्तच. मी खिडकीतून काही बोलले की एखादा मोटारवाला म्हणायचा, "बारामतीला समदंच मिळतं. पाणी मिळालं, स्टेडियम मिळालं. आता हितलं मत बी पायजे व्हय?" आमच्या इंदापूर तालुक्यातल्या माणसाला पाण्याचा विषय काढायला काहीही निमित्त चालतं.

पण तात्यांची आणि माझी खरी ओळखच क्रिकेटमुळे झाली. मला बघायला आले तेव्हा आमच्या घरात टीव्ही चालू होता. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, हे दुसऱ्यांनी विचारलं. तात्यांनी हळूच विचारलं, "किती झाले?" मी स्कोर सांगितला आणि वर सांगितलं, की नाइट वॉचमनला उगाच पाठवलाय. त्यांनी तिथेच चहाची बशी खाली ठेवून होकार दिला, असं माझी आई अजून सांगते. तात्या मला आवडतात. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तर समितीचं कामकाज. मतं मोजायची वेळ येणं ही नामुष्की. सगळं बिनविरोध व्हायला लागतं. आधी चहा, मग वाद, मग पुन्हा चहा, मग एकमत. संघ निवडायची रीतही इथलीच. दोन डावखुरे स्पिनर घेतले की कोणीतरी म्हणणार, "एकाच भावकीतलं दोन कशाला?" एका राज्याचे तीन जण झाले, की बाकीच्या गटांवर अन्याय झाला. एकदा डाळजच्या एका मोटारवाल्याने विकेटकीपरला विरोध केला, का तर तो कॅप्टनच्या मर्जीतला आहे. त्याला निकष विचारला तर म्हणाला, "तोंडावरनं कळतंय."

त्या हिवाळ्यातल्या सीरिजमध्ये मोठा वाद होता तो एका थकलेल्या बॅट्समनचा. त्याचं नाव आमच्याकडे कोणी घेत नव्हतं, सगळे त्याला खोडवा म्हणायचे. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. बियाण्याचा खर्च नाही, लागणीचा त्रास नाही, म्हणून शेतकऱ्याला तो मोडवत नाही. पण दरवर्षी उतारा घसरत जातो.

तात्या या बाबतीत निर्दय होते. "नांगर घाला," ते मांडीवर थाप मारून म्हणायचे. "नाव मोठं हाय म्हणून किती वर्सं ठिवायचा? नवी लागण करा."

"तात्या, मुळं खोल हायती त्याची," मिस्त्री म्हणायचे.

"मुळं खोल असू द्या. बॉल दिसतोय का त्याला? बॉल दिसंना झाला की मानसानं आपनहून बाजूला व्हावं."

यावर मिस्त्री तांब्याच्या तारेत डोकं घालायचे आणि मी खिडकीतून बाजूला व्हायची. कारण बॉल न दिसणारा माणूस आमच्यासमोर बाकड्यावरच बसलेला होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आमच्या गावाचा आणि डाळजचा चाळिशीपुढच्यांचा सामना होतो. ऊस तुटून गेलेल्या एखाद्या रानात, टेनिस बॉलवर. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे कीपर तात्या. मागच्या वर्षी एक बॉल ग्लोव्हजमध्ये न येता थेट तोंडावर आला आणि खालचे दोन दात गेले. तात्या म्हणाले, सूर्य डोळ्यावर होता. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता. हे रानातल्या सगळ्यांना दिसत होतं, पण सगळ्यांनी सूर्याला शिव्या घातल्या.

दिवाळीत मी त्यांना हट्टाने बारामतीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यात सुरू झालेला. डॉक्टर म्हणाले लगेच करा. तात्या म्हणाले, सव्वीस जानेवारी झाल्यावर. डॉक्टरांना वाटलं म्हातारा फार देशभक्त आहे.

मला भीती होती ती डोळ्याची. दात काय, बसवून घेतले. पुढचा बॉल दोन बोटं वर लागला तर काय करायचं? पण हे तात्यांना सांगणार कोण? मिस्त्री म्हणाले, "मी न्हाय. माझ्याशिवाय दुसरा कीपर न्हाय गावात. मीच कसं म्हनू, तुमी हटा, मी हुबा ऱ्हातो?" माझे यजमान म्हणाले, "मी त्यांचा मुलगा. मुलाने बापाला बाजूला हो म्हटलं की गावात वाटणी झाल्याची बातमी होते. तू सांग, तुझं ऐकतात." माझं ऐकतात, पण स्कोर.

मग सीरिजच्या शेवटच्या कसोटीला खोडव्याला खरंच बसवलं. टॉसच्या वेळी संघ सांगितला, त्यात त्याचं नाव नव्हतं. बाकड्यावर टाळ्या पडल्या. एक जण म्हणाला, तात्यांचं दिल्लीने ऐकलं, पेढे द्या. तात्या मात्र टीव्हीकडे सरकून बसले. टीव्हीवर तो बाउंड्रीच्या कडेला पिवळं जाकीट घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला होता, हसत होता. तात्या डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले.

"त्याला सांगितलं कुनी असंल?" त्यांनी एकदम विचारलं.

"कोच असंल, न्हायतर कॅप्टन," मिस्त्री म्हणाले.

"तोंडावर, का फोनवर?"

तात्या लंचच्या आधीच उठून रानात निघून गेले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे, आणि ते कोणी सांगतंय का याची वाट बघत आहेत. घरी संध्याकाळी मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच विचारलं. मला माझाच राग आला. एरवी भारताच्या कॅप्टनला काय काय सुनावते मी!

गावचा संघ निवडायची बैठक पुढच्या रविवारी होती, त्याच बाकड्यावर, त्याच नियमाने. बोलायचं तर तिथे, आणि तिथे बोलायचं तर मत हवं. खिडकीतून बोललेलं धरत नाहीत. रविवारी सकाळी मी शेंगदाण्याची चटणी वाटली, मिक्सरचं भांडं धुऊन ठेवलं, आणि खालचा मिक्सर पिशवीत घालून दुकानाकडे निघाले.

बैठक सुरू झाली होती. तात्या बोटांवर नावं मोजत होते. मी सरळ आत गेले आणि मिस्त्रींच्या टेबलावर, दोन साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारींच्या मधोमध, मिक्सर ठेवला.

"ह्ये काय?" एका मोटारवाल्याने विचारलं.

"मोटार," मी म्हटलं.

"ही मोटार?"

"आत वायंडिंग आहे का नाही ते मिस्त्रींना विचारा."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. "हाय," ते म्हणाले. "तांब्याचं हाय."

तात्या मिक्सरकडे बघत होते. घरचा मिक्सर त्यांना ओळखू येणार नाही इतका काही मोतीबिंदू वाढलेला नव्हता. "सकाळी तर चटनी झकास वाटली व्हती ह्याच्यात," ते म्हणाले.

मी पकडले गेले. बाकड्यावरच्या सगळ्यांनी चहाच्या ग्लासात काहीतरी शोधायला सुरुवात केली. वाटलं, मिक्सर उचलावा आणि सरळ बारामतीची एसटी धरावी.

तात्या उठले. मिक्सरजवळ आले, वाकून त्याला कान लावला. मिक्सर बंद होता, वायर टेबलाखाली लोंबत होती. तरी ते बराच वेळ ऐकत राहिले.

"घरघर येत व्हती," ते म्हणाले. "सकाळी मी ऐकली. मिस्त्री, ठिवून घ्या. मोटार बिघडल्याली हाय." मग ते बाकड्यावर बसले आणि माझ्याकडे तोंड केलं. "बारामती, तुला मत हाय आता. धा जन झाले. कीपर कोन?"

डॉक्टर काय म्हणाले, गुडघे कसे झालेत, नातीचं लग्न बघायचंय, असं बरंच मी वाटेत घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"मिस्त्री," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मलाच लाज वाटली.

"आन मी?"

"तुम्ही माझ्याशेजारी. खुर्ची मी आणते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी पदराने पुसलं, व्हार्निशच्या वासावर खापर फोडून. तात्यांनी हात वर केला. सगळ्यात आधी त्यांनीच केला. मग मिस्त्रींनी, मग मोटारवाल्यांनी, एकेक करत. "बिनविरोध," तात्या म्हणाले. "च्या सांगा."

सामन्याला ते आले ते ग्लोव्हज घेऊनच. मिस्त्रींच्या हातात देताना त्यांनी आतली घामाने कडक झालेली बोटं एकेक दाबून मऊ करून दिली. मग माझ्याशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना. बॉलर धावायला लागला की हात दोन्ही गुडघ्यांमध्ये यायचे, बॉल पडून गेला की मांडीवर जायचे. मी न बघितल्यासारखं करत होते.

चौथ्या की पाचव्या षटकात मिस्त्रींनी अगदी सोपा कॅच सोडला. डाळजवाले ओरडले, आमचे लोक तात्यांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तात्या काहीतरी बोलणार, आणि बोलायचा त्यांना हक्कही होता.

तात्या उभे राहिले. "सूर्य डोळ्यावर हाय त्याच्या!" ते सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडले.

सूर्य मिस्त्रींच्या पाठीमागे होता.

सामना आम्ही हरलो. फेब्रुवारीत बारामतीला तात्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते बाकड्यावर आले, टीव्ही बघितला आणि म्हणाले, की ह्या नव्या पोराला दाढी हाय हे कुनी सांगितलं न्हाय मला.

मिक्सर अजून मिस्त्रींच्या फळीवर आहे. मी मधे एकदा मागितला तर म्हणाले, काम चालू हाय. काय काम चालू आहे देवाला ठाऊक, त्यावर धूळ बसली आहे. मी आपली चटणी पाट्यावर वाटते आणि खांदे चोळत बसते. परवा जेवताना तात्यांना म्हटलं, जाता जाता तो मिक्सर तेवढा घेऊन या, हात भरून येतात.

तात्यांनी चटणी भाकरीला लावली, घास घेतला, सावकाश चावला.

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "इंग्लंडची सीरिज तोंडावर आली. मत जाईल तुझं."