मिठाला हात आखडला

आमच्या डोंगरकडा गावात लग्न ठरलं की भटजींच्या आधी आचारीमामांना तारीख विचारत. पाचशे माणसांच्या भाजीला मामा ओंजळीनं मीठ टाकत. मोजत कधी नसत, आणि चुकतही कधी नसत.

घरी मात्र पहिला घास घेण्याआधीच ताटावर मीठ भुरभुरायचे. मामींनी काहीही केलेलं असो! मी शेजारीण. एकदा न राहवून म्हणाले, "मामा, आधी चाखून तर बघा."

"आचाऱ्याची जीभ हाय बाई, तिला जरा जास्तच लागतं."

मामींनी पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात कढईपाशीच मामांना गरगरलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि लोणचं-पापड बंद केलं. मामा सुतकी चेहऱ्यानं घरी आले. मामींनी लोणच्याची बरणी उचलून आमच्याकडे आणून ठेवली.

चौथ्या दिवशी मामा आलेच. "एक फोड दे बाई. मामीला सांगू नको."

मला दया आली. फोड त्यांच्या तोंडात असतानाच मामी दारात! मला म्हणाल्या, "मी एकली राहिले तर येशील का गं सोबतीला?" मामांनी फोड हळूच बाहेर काढली.

मग मात्र ते कमी मिठातच चव आणायच्या हट्टाला पेटले. वरणाला लसणाची चरचरीत फोडणी, वांग्यात भाजलेले तीळ अन् कारळ, वरून लिंबू. चाखायला मी.

"कसं लागून राहिलं?"

"अळणी, मामा."

"थांब थोडे दिवस. जीभ येते वळणावर."

महिनाभरानं मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा मामा मामींच्या हातचं जेवत होते. मधेच थांबले. "वरणात काय टाकलं आज?"

"काय न्हाई. नेहमीचंच हाय," मामी म्हणाल्या.

"मग मला आजवर काहून कळलं न्हाई?"

"तुमी चाखलंच कुठं?" म्हणत मामी इतक्या खळखळून हसल्या, की मामांनाही हसू आवरेना.

पुढच्याच लग्नात मामांनी भाजीचं मीठ बरंच कमी केलं. वधूपिता घाबरला, "मामा, लोक नावं ठेवतील!"

"ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यावं," म्हणत मामांनी पंगतीत मिठाची वाटी फिरवली. वाटी जवळजवळ भरलेलीच परत आली, आणि भाजी मात्र दुसऱ्या पंगतीतच संपली. त्या दिवशी मामांची चाल बघण्यासारखी होती!

मागच्या दिवाळीनंतर मामा-मामी लेकीकडे सेनगावला राहायला गेले. शेजारचं दार बंद दिसलं की अजून चुकल्यासारखं होतं.

परवा मी नरसीला एका लग्नात जेवायला बसले. भाजीचा पहिला घास घेतला, तीच कमी मिठाची, तीळ-कारळाची चव! ताट घेऊन तशीच उठून चुलीपाशी गेले. पदर खोचलेल्या एक बाई कढई हलवत होत्या.

"डोंगरकड्याच्या मामांकडं शिकलात का हो?"

त्या चमकल्या. "व्हय. तुमाला कसं कळलं?"

"चवीवरून," मी डोळे पुसत म्हणाले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि माझ्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली.