गोदाकाकूंची सोवळ्यातली गोधडी

गोदाकाकूंना एकही काम स्वतः करताना मी पाहिलं नाही, आणि एकाही कामाचं श्रेय सोडतानाही पाहिलं नाही. डोंबिवलीतली आमची बैठी चाळ त्यांच्या मालकीची. पूजा आटोपली की त्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हाक मारत. गहू निवडून झाले, वाती वळून झाल्या, नैवेद्याचं पुरण वाटून झालं, की डोळे मिटून म्हणत, "मी कोण करणारी? महाराज करवून घेतात." महाराज म्हणजे काकूंचे गुरू. ते करवून घेत हे खरं, पण काकूंकडून नव्हे, आमच्याकडून.

सोवळ्याचं प्रस्थ तर विचारू नका. तेही मोठं सोयीचं होतं. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, आमचे हात मात्र चालत. "धुऊन घेतलं की झालं," म्हणायच्या. त्यांच्या तोंडून हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण लढाईनंतरचे दिवस, घरं मिळणं मुश्कील, यांची नोकरी ठाकुर्लीला. मी हसून मान डोलवायची.

एका वैशाखात काकूंना दृष्टांत झाला. महाराज थंडीने कुडकुडताहेत असं दिसलं म्हणे. आम्ही सगळे घामाने निथळत होतो, त्यात महाराजांनाच तेवढी थंडी कशी वाजली, हे विचारायची सोय नव्हती. महाराज चातुर्मासासाठी ठाण्याला एका वकिलांच्या बंगल्यावर येणार होते. काकूंनी स्वहस्ते शिवलेली गोधडी त्यांना अर्पण करायचा संकल्प सोडला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन माझ्या सासूबाईंना सांगितलं, "सरूबाई, तुमच्यात घाटावर वाकळा शिवतात ना? महाराजांनी तुमची निवड केलीय हो."

सासूबाईंना मी आई म्हणायची. आई साताऱ्याकडच्या. त्यांचं बोलणं कमी आणि हात चालू. त्या लगेच तयार झाल्या. काकूंनी चाळीतून जुनी लुगडी गोळा करवली, अर्थात माझ्याकडून. कापड रेशनवर मिळत होतं. विटलेलं लुगडंसुद्धा बायका दांड भरून नेसत. त्यामुळे देण्याजोगी उरली होती ती गेलेल्या माणसांचीच लुगडी. कुणी आईचं दिलं, कुणी जावेचं. खुद्द काकूंनी आपल्या विधवा सासूचं तांबडं आलवण काढून दिलं. "आतल्या थरात घाला, दिसायला नको," एवढंच म्हणाल्या. वर गोमूत्र शिंपडलं.

पहिला टाका काकूंनी घातला. सुईत दोरा मी ओवून दिला होता. पुढे सव्वा महिना आई दुपारी जमिनीवर गोधडी पसरून, तिच्यावरच बसून धावदोरा घालत होत्या. बोटांची टोकं सुजली. एवढ्या कामाबद्दल त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"काकू, माझी चंपी साडेतीन वर्साची गेली. तिच्या परकराचा येवढा तुकडा हाय माझ्यापाशी. मधोमध लावू का? साधूच्या अंगावर ऱ्हाईल. पोरीचं भलं हुईल."

"लावा हो, लावा," काकू म्हणाल्या. "त्यांच्या कृपेला काय तोटा?"

चंपीच्या मागे आईंपाशी तेवढाच एक हिरव्या खणाचा तुकडा होता. तो त्यांनी इतक्या बारीक टाक्यांनी बसवला, की माझं लग्नातलं भरतकाम त्यापुढे लाजावं.

ठाण्याला जायच्या दिवशी सकाळी मी काकूंकडे गोधडी बांधायला चादर घेऊन गेले. काकू कात्रीने खणाचे टाके उसवत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना स्वतःच्या हाताने काम करताना पाहिलं.

"मेलेल्या पोरीचं कापड महाराजांच्या अंगावर? अभद्र कुठलं!" त्या म्हणाल्या. "सासूला बोलू नकोस हो, सुमन. उगीच मनाला लावून घेतील." खणाच्या जागी त्यांनी शालूचा जरीचा तुकडा ठोकला, बोट बोट लांब टाके घालून. आत त्यांची सासू, कुणाची आई, कुणाची जाऊ, सगळ्या मेलेल्या बायका थराथराने निजल्या होत्या. त्यांचं काकूंना काही नव्हतं. दिसत होती ती एक चंपीच.

हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं. पण मी चादर ठेवली आणि मुकाट्याने घरी आले.

बंगल्यावर महाराजांनी गोधडी उलगडून मांडीवर पसरली. "सव्वा महिना सोवळ्यात शिवली," काकू डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या. बायकांच्या रांगेत शेवटी आई उभ्या होत्या. त्यांनी मान उंच करून पाहिलं, जरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यावरूनच त्यांना कळलं असावं, की मला ठाऊक होतं. तो विषय पुन्हा आमच्या घरात निघाला नाही. खणाचं काय झालं, हे काकूंना विचारायचं धाडसही मला झालं नाही. बहुधा केराबरोबर गेला.

सहा-सात वर्षांनी काकू अंथरुणाला खिळल्या. पौषात ताप आणि हुडहुडी. महाराज तोवर उत्तरेकडे निघून गेले होते, भक्तमंडळी पांगली होती. उरलो आम्ही भाडेकरूच. एके दिवशी पेज घेऊन गेले तर म्हणाल्या, "सुमन, शालीने ऊब येत नाही गं. सासूबाईंना म्हणावं, मला एक गोधडी शिवून द्या."

मी निरोप सांगितला. आई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सांग त्यास्नी, माझ्यापाशी समदी मेल्या मान्सांचीच कापडं हायेत."

जन्मात कुणाला दुखावून न बोललेली बाई ती. हा निरोप मी उड्या मारत नेला, खोटं कशाला बोलू? काकूंच्या उशाशी उभी राहून शब्दन् शब्द ऐकवला आणि त्यांचा चेहरा कसा होतो ते बघत राहिले.

काकूंनी पाय पोटाशी घेतले. "चालतील म्हणावं," त्या म्हणाल्या. "गारठा फार आहे गं."

आईंना येऊन सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, ट्रंक उघडली आणि माझ्याकडे सुईदोरा मागितला. तीन दिवसांत त्यांनी चार थरांची गोधडी उभी केली. चौथ्या दिवशी स्वतः जाऊन काकूंच्या अंगावर घातली, कडा चारी बाजूंनी खाली खोचल्या. काकू तीतच गेल्या.

आईंनी त्यांना क्षमा केली असेल. मी केलेली नाही. आणि त्या सकाळी चादर ठेवून मुकाट्याने घरी आलेल्या सुमनलाही नाही.