रंग उडाला का?

आमच्या घरात 'रंग उडाला' याहून वाईट बातमी नव्हती. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नाशिकच्या कडेला शेवंती नि झेंडू लावायचे. बाजारात पोचेपर्यंत शेवंतीचा रंग उतरला की भाव पडलाच म्हणून समजा. त्यामुळे एम. फार्म.ला असताना एका संध्याकाळी मी "दादा, रंग उडाला!" असं ओरडत घरात शिरले, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठून उभे राहिले.

मग त्यांना बसवून सगळं सांगावं लागलं. कॉलेजात मी ब्राह्मीचा अर्क तपासत होते. आमच्याकडे एक जांभळं द्रावण असायचं. त्यात अर्क घालून अंधारात ठेवायचं. शरीराला आतून गंज चढवणाऱ्या गोष्टींना आवरायची ताकद अर्कात असेल, तर जांभळं उतरत उतरत पिवळं पडतं. ब्राह्मी दादांनीच पाटाच्या कडेची उपटून दिली होती.

"म्हंजे उडाला तर चांगलं?" दादा म्हणाले. "उलटाच कारभार हाय तुमचा!"

तेव्हापासून मी दारात पाऊल टाकलं की प्रश्न ठरलेला, "काय गं, रंग उडाला का?" हो म्हटलं की ते आईला हाक मारून सांगत, "ऐकलं का, पोरीचा रंग उडाला." आई आतूनच म्हणे, "उडंल नाय तर काय! दुपारचं जेवत नाय ती."

सरांनी मला दुसऱ्या वनस्पतीही सुचवल्या होत्या. मी ब्राह्मीलाच चिकटून बसले, त्याला कारण होतं. त्याआधीच्या दसऱ्याला दादा झेंडूचे क्रेट घेऊन निघाले आणि नाशिकातल्याच द्वारका चौकात उभे राहिले. जन्मभराचा फुलबाजाराचा रस्ता त्यांना आठवेना. ओळखीच्या टेम्पोवाल्याने घरी आणून सोडलं. "गिऱ्हाईक बघत होतो," असं ते म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. मी मोरीत जाऊन रडले.

पुढची परीक्षा उंदरांची होती. काहींना आधी अर्क पाजायचा, मग सगळ्यांनाच इंजेक्शन देऊन विसराळू करायचं आणि शिकवलेला रस्ता कुणाला सापडतो ते बघायचं. दादांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं.

"मग पोचले का बाजारात?"

"अर्क प्यायलेले पोचले."

ते माझ्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "मला बी दे की थोडा."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या मागे लागले. बाटलीतला अर्क माणसाच्या पोटात घालायचा नसतो, हे मला कळत नव्हतं थोडंच? पण बापापुढे शहाणपण टिकत नाही. सर शांतपणे म्हणाले, "उंदरांचं विसरणं आपणच घातलेलं होतं. ते उतरणारच होतं. तुमच्या वडिलांचं तसं नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

आईने मात्र कुणाला विचारलं नाही. डॉक्टरच्या गोळ्यांबरोबर ब्राह्मीची चटणी रोज ताटात येऊ लागली. दादा तोंड वाकडं करून ती खायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचे. विसरणं काही थांबलं नाही. आधी भाव गेले, मग वाफ्यांना पाणी द्यायच्या वेळा, मग शेजारपाजारची माणसं.

मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी घरी आले, तर दादा ओट्यावर बसले होते. मला बघून सरकले, जागा करून दिली.

"या ताई, बसा."

जन्मात त्यांनी मला अहोजाहो केलं नव्हतं. मी बसले.

"कॉलेजातून आलात का?"

"हो."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमची पोरगी बी तिथंच हाय. तिचा रंग उडाला का?"

"उडाला," मी म्हटलं.

दादांचा चेहरा उजळला. माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "मग आधी तिला जाऊन सांगा. लय वाट बघती ती."