लाल दिव्यासोबत कर्वेनगर ते मांजरी

वीस वर्षं वापरलेली गाडी विकायची की ठेवायची, हा प्रश्न आमच्या घरात एका लाल दिव्यावर येऊन अडला होता. ब्रेकचा दिवा. गाडी सुरू केली की लागायचा, तो किल्ली काढेपर्यंत जायचा नाही. चिरंजीवांनी रविवारी गिऱ्हाईक बोलावून ठेवलं. गाडी सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या नावावर, त्यामुळे सही तिची.

"शनिवारी मला मांजरीला दादाकडे सोडा," ती म्हणाली. "तिथे तुमचा दिवा विझला तर गाडी आपली. नाही विझला, तर मी बसने परत येईन आणि रविवारी सही करीन."

मला ती गाडी जायला नको होती. तोवर आमच्या घरात आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी वापरून सोडलेली होती: सायकल, पंखा, माझ्या दुकानाचं शटरसुद्धा. ही पहिली, जिच्या सीटवरचं प्लॅस्टिक मी स्वतः काढलं.

निघण्याआधी नेहमीच्या मेकॅनिककडून चाकं उघडून ब्रेक तपासून घेतले. ब्रेक ठणठणीत निघाले. दिव्याचं काय, विचारलं तर म्हणाला, "बल्ब काढून टाकू का?" हा सल्ला पुण्यात फुकट मिळतो, घेऊ नका. त्याआधी एका चकचकीत सेंटरने मास्टर सिलिंडरसकट सगळं बदलण्याचा आकडा सांगितला होता. तो ऐकून मी त्यांचं गार पाणी प्यालो आणि बाहेर पडलो.

शनिवारी पहाटे निघालो. थंडीचे दिवस, कर्वे रस्ता सायीसारख्या धुक्यात बुडालेला. दिव्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत उमटत होतं, त्यामुळे तो लाल ठिपका आमच्या पुढे पुढे हवेत तरंगत चालला होता. झाडांवरून, झोपलेल्या दुकानांच्या पाट्यांवरून. लकडी पुलावर तो नदीवर उतरला आणि क्षणभर वाटलं, सूर्यच आज चुकून दक्षिणेला उगवतोय. सुनंदा पिशवी मांडीवर घट्ट धरून त्याच्याकडे बघत होती.

"सुंदर दिसतंय नाही?" मी म्हणालो.

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

मंडईत थांबलो. गाडी वाहनतळावर लावा, आत घालायच्या भानगडीत पडू नका. पेरू, मटार आणि वहिनींसाठी शेवंती घेतली. तरुणपणी मी याच मंडईत माल आणणाऱ्या टेम्पोवर होतो. अंधारात आवाजावरून गाडी ओळखायची सवय तिथली. कुठला टेम्पो आला, भरलेला की रिकामा, हे डोळे मिटून सांगायचो. आजही ओल्या कोथिंबिरीचा वास आला की कान आधी जागे होतात.

जवळच स्पेअर पार्टचं दुकान उघडत होतं. ब्रेक ऑइलच्या डबीचं सेन्सरवालं झाकण आहे का, विचारलं.

"खराब झालंय का?" मालकांनी चष्म्यावरून विचारलं.

"दिवा लागतो."

"अहो, लाल झालं म्हणून बदलायचं म्हटलं, तर आमच्या घरात कुणीच उरणार नाही. आधी बिघडलंय काय ते बघा, मग या. आम्ही एकला बंद असतो."

पुणेरी दुकानदाराने गिऱ्हाईक परत पाठवलं, तर तो सल्ला सोन्यासारखा समजावा.

मंडईसमोर इडली आणि चहा घेतला. मग स्वारगेटवरून सोलापूर रस्ता. हडपसरपर्यंत गर्दी असतेच, लवकर निघालात तर सुटाल. हडपसरनंतर डावीकडे मांजरीला वळलो आणि शहर हळूच मागे राहिलं. अर्धवट उभ्या इमारती, त्यांच्या पायाशी ऊस. उसाला तुरे आलेले, उन्हाने धुकं उचललं तरी त्यांच्यावर थोडं राहून गेल्यासारखं. मधूनच एखादी क्रेन त्या पांढऱ्या तुऱ्यांतून मान काढून उभी. काच खाली केली. पाचटाचा गोडसर वास आत आला.

मेहुणे, सगळे त्यांना दादा म्हणतात, बांधावर उभेच होते. "दाजी, दिवा लावून आलात? दिवाळी झाली की."

चहा झाल्यावर चिंचेच्या सावलीत सपाट जागेवर गाडी लावली. वाचकहो, इथून पुढे पैसे लागत नाहीत. आधी पेडल दाबून पाहिलं: कडक. मऊ लागलं असतं, तर गाडी जागेवरून हलवली नसती, हे लक्षात ठेवा. मग ऑइल: दोन रेघांच्या मध्ये, कुठे ओघळ नाही. डबीच्या झाकणाची वायर काढली, तरी दिवा तसाच. म्हणजे ऑइलची तक्रार नव्हती. वायर परत लावली. उरला हँडब्रेक. त्याच्या बुडाशी बटण असतं. दांडा पूर्ण खाली बसला की ते दाबलं जातं आणि दिवा जातो.

मी दांडा ओढला, सोडला. पुन्हा ओढला, सोडला.

"काय करताय?" सुनंदा म्हणाली.

"ऐकतोय."

पूर्वी दांडा खाली पडला की टक् असा लोखंडाचा आवाज यायचा. आता थप्प. मऊ, उशीवर डोकं टेकल्यासारखा. खाली काहीतरी होतं.

दांड्याभोवतीचं रेक्झिन उचकटलं. आत कुंकवाचा लगदा, त्यात रुतलेल्या पिवळ्या अक्षता, आपट्याची सुकलेली पानं, झेंडूच्या पाकळ्या. वर्षानुवर्षांचे थर. दसऱ्याला सगळे बॉनेटची पूजा करतात. सुनंदा बॉनेटला नुसतं बोट लावते आणि खरी पूजा हँडब्रेकची करते. पळवणारे पुष्कळ असतात, थांबवणाऱ्याला आधी हळदकुंकू, असं तिचं म्हणणं. बॉनेट मी दुसऱ्या दिवशी पुसायचो. इथे कुणाचं फडकं पोचलंच नव्हतं.

दादा वाकून बघत म्हणाले, "ताई, दाजींच्या गाडीत भात पेरलास व्हय?"

"तुझं रान बिल्डरला दिलंस. मग मी कुठं पेरू?"

दादा हसता हसता थांबले. "अर्धं दिलंय. अर्धं हाय अजून."

"राहू दे मग."

दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने मी सगळं साफ केलं. निघालेलं सुनंदाने ओंजळीत घेतलं आणि उसाच्या सरीत सोडलं. दांडा खाली टाकला. टक्. दिवा गेला. ओढला, लागला. सोडला, गेला. सहीचं काय, हे मी सुनंदाला विचारलं नाही. भाव ठरत असताना मध्ये बोलू नये, एवढं मंडईने शिकवलंय.

जेवण पिठलं-भाकरीचं. दुपार चिंचेखाली बाजेवर गेली. निघायची वेळ झाली तेव्हा ती बसची चौकशी न करता पुढच्या सीटवर बसली.

परतताना काचेत आता फक्त आभाळ होतं, आधी केशरी, मग जांभळं. हडपसरच्या गर्दीत एरवी ती माझ्याआधी ब्रेक मारते, आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेत पाय दाबून. आज पाय हलेनात. बघितलं तर मान कलंडलेली, पिशवी पायाशी घसरलेली. इतक्या वर्षांत तिला माझ्या शेजारी गाडीत झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

कर्वेनगरला आमच्या गल्लीचं वळण आलं. मी ते घेतलं नाही. सरळ गेलो, नदीवरचा पूल ओलांडला, वळलो, परत आलो. गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्नसुद्धा दमले. घरांच्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या. वळण पुन्हा आलं, पुन्हा सोडलं.

"तोच पूल दुसऱ्यांदा," ती डोळे न उघडता म्हणाली.

"झोपली होतीस ना?"

"होते. घरी चला आता. त्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगायचंय, उशिरा फोन केलेला बरा दिसत नाही."