चमक उतरवणारा हात

दादांचा फोन मला कधीच येत नसे. श्रीधरदादा म्हणजे माझे मोठे दीर. फोन लावायचा तो वहिनींनी, बोलायचं वहिनींनी, आणि मागून दादांनी एखादं वाक्य टाकायचं, अशी त्यांच्या घरची रीत. त्यामुळे त्या दिवशी सकाळी फोनवर दादांचं नाव दिसलं तेव्हा उचलायच्या आधीच मी गॅस बंद केला. "शुभा," ते म्हणाले, "कुमुद उठत नाहीये गं." मी नुसतं "दादा, दादा" करत राहिले... आम्ही गोविंदपुऱ्याजवळच्या आमच्या घरून अशोका गार्डनला पोचलो तेव्हा शेजारचे डॉक्टर दारातच भेटले. त्यांनी मान हलवली. वहिनी झोपेतच गेल्या होत्या. अंगावरची चादरसुद्धा विस्कटली नव्हती. आयुष्यभर वर्गात आणि घरात ज्यांचा आवाज तीन दारं ओलांडून ऐकू यायचा, त्या अशा कुणाला न सांगता गेल्या, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

वहिनी मूळच्या अमरावतीच्या. दादांना भोपाळच्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि तिथल्याच एका शाळेत गणित शिकवू लागल्या. मी त्या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा मला ना धड हिंदी येत होतं, ना इथली माणसं कळत होती. पहिल्याच आठवड्यात मी बाजारात जाऊन "भाजी द्या" म्हटलं आणि दुकानदारानं पिशवीत पालकाच्या जुड्या कोंबल्या. मी रडवेली होऊन घरी आले. वहिनी हसल्या नाहीत. "इथं भाजी म्हटलं की पालाच देतात," त्या म्हणाल्या, "सब्जी म्हणायचं. चल, पालकाची पातळ भाजीच करू आज, म्हणजे चुकलं असं वाटणार नाही." जाऊबाईंची भीती घालून मला सासरी पाठवणाऱ्या माझ्या आईला मी त्या रात्री लांबलचक पत्र लिहिलं, एवढं आठवतं.

दादांना एक छंद होता. रेल्वेचे छोटे डबे बनवायचे. वीत-सव्वावीत लांबीचे, प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेले, पितळी तारेचे दांडे लावलेले, अगदी खऱ्यासारखे. कारखान्यातून आले की चहा घेऊन ते बाल्कनीत बसत आणि मग घरभर थिनरचा वास पसरे. वहिनींचं देवघर नेमकं त्या बाल्कनीला लागून. "माझ्या गणपतीला उदबत्तीपेक्षा तुमच्या थिनरचीच सवय झालीय," असं त्या सगळ्या पाहुण्यांना सांगत. त्या डब्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. कुणी कौतुक केलं की म्हणत, "मला विचाराल तर सगळे सारखेच दिसतात. एक निळा, एक तांबडा."

निवृत्तीनंतर ही मंडळी अशोका गार्डनमधल्या घरात राहायला आली. रेल्वेची लाइन जवळ म्हणून दादांनी ते घर पसंत केलं होतं. पण तिथे नीट बस्तान बसायच्या आतच दादांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं, औषधं सुरू झाली, आणि हळूहळू डावा हातही त्याच वाटेनं गेला. चहाचा कप अर्धाच भरायचा, शर्टाची बटणं वहिनींनी लावायची, हे सगळं त्यांनी कसंबसं पत्करलं. पण एक दिवस डब्याच्या दारावरून बोटभर रंगाचा फराटा ओढला गेला आणि त्यांनी ब्रश ठेवून दिला. सगळे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सारले. त्यानंतर दादा बोलेनासे झाले. भांडण नाही, चिडचिड नाही... विचारलं तर हं, नाही विचारलं तर तेही नाही. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "शुभा, हे जेवतात, झोपतात, पेपर उघडून बसतात. पण माणूस घरात नाही गं."

मग श्रावणातल्या एका दुपारी वहिनींनी पलंगाखालून एक डबा काढला. रंगवून झालेला, नुसती वरची, चमक उतरवणारी मॅट वार्निश राहिलेली. दादांचा एअरब्रश, म्हणजे पेनाएवढं फवारणीचं यंत्र, त्यांनी शोधून काढला, घुरघुरणारा छोटा कॉम्प्रेसर सुरू केला, पदर नाकाला बांधला आणि बाटलीवरची अक्षरं वाचत त्या डब्यावर वार्निश मारली. मी त्या दिवशी तिथेच होते. बाहेर झड लागली होती, भिंतींनासुद्धा ओल आलेली. बघता बघता तो सुंदर गर्द निळा डबा पांढरट पडला, जणू कुणी त्यावर ताक शिंपडलं. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. कॉम्प्रेसरच्या आवाजानं दादा दारात येऊन उभे राहिले होते, हे आम्हाला कळलंच नव्हतं.

"असल्या दमट हवेत कुणी मॅट मारतं का?" दादा ओरडले. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता.

"मला काय माहीत? तुम्ही सांगितलंय कधी?"

"विचारलंयस कधी?"

"आता विचारतेय. गेला का हा वाया?"

दादा जवळ आले. डबा हातात घ्यायला गेले, हात थरथरला, तसा मागे घेतला. मग वाकून नुसतं बघितलं. "नाही गेला," ते म्हणाले. "हवा कोरडी होऊ दे. मग चमकदार ग्लॉसचा एक ओलसर हात दे वरून. रंग परत येईल." पाऊस उघडल्यावर एका सकाळी वहिनींनी तसं केलं आणि त्या पांढुरक्या थराखालून निळा रंग खरोखरच वर आला. मला फोन करून त्यांनी ते असं सांगितलं, जसं काही आजारी माणूस उठून बसलं.

तेव्हापासून पलंगाखालचे अर्धवट राहिलेले डबे ते दोघं मिळून पुरे करू लागले. दादा वेताच्या खुर्चीत, वहिनी टेबलाशी उभ्या. जन्मभर मुलांना शिकवलेल्या बाईला आता कुणीतरी शिकवत होतं आणि त्या वाद घातल्याशिवाय काहीही मान्य करत नव्हत्या. आधी चकचकीत ग्लॉसचा हात का द्यायचा? तर डब्याचे नंबर आणि अक्षरं पातळ कागदावर छापलेली असतात, पाण्यात भिजवून सरकवायची असतात. खालचा पृष्ठभाग खरखरीत असला तर हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी कडा दिसते. मग अक्षरांवर परत ग्लॉस, आणि सगळ्यात शेवटी मॅट. त्या शेवटच्या हाताला मात्र वहिनींचा जीव तुटायचा. "एवढा आरशासारखा झालाय, आणि आता त्याला राख फासायची?" दादा म्हणत, "चमकतं ते खेळणं, कुमुद. चमक उतरली की ती गाडी होते. लांबच्या रुळावर उभी असल्यासारखी." वहिनी तोंड वाकडं करत आणि मॅट मारत. पण हात असा हलका की कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही. दादांनी स्वतः धडधाकट असताना पुऱ्या केलेल्या डब्यांपेक्षा हे डबे उजवे होते. हे मी नाही, दादाच म्हणायचे. फक्त वहिनींसमोर नाही.

त्या हिवाळ्यात शहरातल्या छंदी मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. दादांचे डबे एका लांब टेबलावर मांडले होते आणि गर्दी तिथेच जास्त होती. इंदूरहून आलेला एक माणूस भिंग लावून बराच वेळ एकेक डबा बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "सर, इतना ईवन फिनिश... ये आपने ख़ुद किया है?" दादांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. वहिनी शेजारीच पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. दादा म्हणाले, "हां, ख़ुद ही."

आम्ही घरी परतलो. स्वयंपाकघरात शिरताच मी उसळले. म्हटलं, "वहिनी, हे बरं नाही झालं." त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "त्यांचे हात खिशात होते, पाहिलंस ना? नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. चारचौघांत हात बाहेर काढून दाखवावे लागले असते." मग थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "वाईट वाटलं गं. खोटं कशाला बोलू..." त्यानंतर बरेच दिवस त्यांनी एअरब्रशला हात लावला नाही. दादांनी विचारलं की खांदा दुखतोय म्हणायच्या. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं, हे दादांनाही ठाऊक होतं.

पुढचं मला वहिनींनीच सांगितलं. दादा एक दिवस रिक्षा करून एकटेच बाहेर पडले, ते अक्षरं छापून देणाऱ्याकडे. खऱ्या डब्यावर एका कोपऱ्यात तो कुठल्या कारखान्यात तयार झाला ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दादांनी नवीन अक्षरं वहिनींसमोर ठेवली आणि म्हणाले, "खांदा बरा असेल तर एवढी लावून दे." वहिनींनी चिमट्यानं एक तुकडा उचलला, पाण्यात बुडवला, भिंगाखाली धरला. मोहरीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कुमुद कारखाना, अशोका गार्डन'.

"हा कुठला कारखाना?"

"तू उभी आहेस तो."

वहिनी बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शुद्धलेखन बरोबर आहे." आणि ती अक्षरं डब्यावर सरकवली. मला फोनवर हे सांगताना त्या हसत होत्या, आणि ती अक्षरं त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली.

पुढच्या प्रदर्शनात दादांचे हात खिशाबाहेर होते. थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते. कुणी काही विचारायच्या आतच ते सांगत, "बनाया मैंने, फिनिश इनका." वहिनी आधी संकोचल्या, आणि मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. दमट हवेचे दुष्परिणाम या विषयावर त्यांनी एका गृहस्थाला एवढं समजावलं की तो बिचारा "जी मैडम, जी मैडम" करत मागे मागे सरकत गेला. त्या दिवशी दादा किती हसले! नंतरची काही वर्षं त्या घरात गेलं की कॉम्प्रेसरची घरघर आणि त्यावरून चढलेले दोघांचे आवाज ऐकू यायचे. ते ऐकून मला दारातच बरं वाटायचं.

आणि मग ती सकाळ.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. दादा आमच्याकडे यायला तयार झाले नाहीत. मी एक दिवसाआड जेवणाचा डबा घेऊन जाते. दर वेळी बघायची, तर भर दुपारी खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि त्या अंधारात दादा खुर्चीत बसलेले. समोरच्या भिंतीवर वहिनींचा फोटो, तेराव्याला घाईघाईनं मोठा करून आणलेला. मी खिडकी उघडायला गेले की ते म्हणत, "राहू दे." मला वाटे, माणसाला उजेड नकोसा झालाय. घरी येऊन मी ह्यांना सांगितलंही, की दादांना डॉक्टरकडे न्यायला हवं.

गेल्या आठवड्यात मात्र मी न विचारता पडदा सारला आणि खिडकी उघडली. दादा एकदम कळवळून म्हणाले, "अगं, आता ती दिसत नाही!" मी वळून बघितलं. खरंच. फोटोच्या काचेत अख्खी खिडकी उतरली होती. गज, बाहेरचं कडुलिंबाचं झाड, खुर्चीतले दादा, मी... एक वहिनीच तेवढ्या नव्हत्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दादा अंधारात बसत होते ते दुःखानं नव्हे, तर वहिनी दिसाव्यात म्हणून.

मी फोटो उतरवला. काच काढली. आतला कागदही तसाच गुळगुळीत, चमकणारा. दादा म्हणाले, "मॅट मारशील?" मी म्हटलं, "दादा, मला येत नाही." ते म्हणाले, "मी सांगतो."

आधी एका जुन्या कागदावर हात बसवला. मग बाल्कनीतल्या टेबलावर वहिनींचा फोटो आडवा ठेवला. दादा खुर्ची ओढून जवळ बसले. "लांबून. कागदाच्या बाहेर सुरू कर, बाहेरच थांबव. मधे हात अडखळू देऊ नकोस." वहिनींच्या चेहऱ्यावरून तो बारीक फवारा एका दमात पुढे गेला. हवा कोरडी होती. चेहरा क्षणभर ओला झाला आणि मग हळूहळू शांत झाला.

वाळल्यावर तो फोटो काचेविना चौकटीत बसवून मी भिंतीवर टांगला. दादांनी खुर्चीतून पाहिलं, थोडं डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं. "खांद्यापाशी जरा जाड बसलंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "चुकलं का?" दादा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून सावकाश उठले, भिंतीपर्यंत चालत गेले, आणि थरथरत्या हातानं दुसरी खिडकीही त्यांनी स्वतःच उघडली.